ओळखीच्या माणसाला ‘नाही’ कसे म्हणायचे?

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

कर्करोगाच्या तपासण्यांविषयी या सदरात मागे लिहिले, तेव्हापासून आलेल्या पत्रांतली बरीच पत्रे एकाच विषयाकडे वळतात. निरोगी माणसांना वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवून कर्करोगाची कारणे शोधणारे जे अभ्यास असतात, त्यांत सहभागी व्हावे का आणि इतरांना सहभागी करून घेण्याच्या कामात पडावे का, हा तो विषय. त्यांतली चार पत्रे थोडी आटोपशीर करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी आमच्या गावातील महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. एका संशोधन संस्थेची माणसे गावात आली होती. तीस ते साठ वर्षांच्या, कोणताही मोठा आजार नसलेल्या स्त्री-पुरुषांची माहिती, वजन-उंची आणि थोडे रक्त घ्यायचे आणि पुढची पंधरा-वीस वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवायची, असे त्यांचे काम आहे. ‘गटातल्या बायका तुमचे ऐकतात, तुम्ही नावे मिळवून द्या,’ असे त्यांनी मला सांगितले. काम चांगले वाटते. पण पाच-सहा वर्षांपूर्वी एका शिबिरात आमच्याकडून रक्त नेले आणि नंतर कोणी फिरकले नाही. ‘आमच्या रक्ताचे काय झाले?’ असे बायका अजून मलाच विचारतात. या वेळी मी काय विचारून घ्यावे आणि माझे काम नेमके कुठपर्यंत आहे? (एक वाचक, बार्शी तालुका, जि. सोलापूर)

उत्तर : तुम्ही ज्या तालुक्यातून लिहिता, तो या बाबतीत साधासुधा तालुका नाही. ग्रामीण भागातील कर्करोगाची भारतातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी, म्हणजे त्या भागात राहणाऱ्या सगळ्याच रुग्णांची नोंद, 1987 मध्ये बार्शी, भूम आणि परांडा या तीन तालुक्यांसाठी सुरू झाली. कर्करोग झालेला माणूस त्या काळी रुग्णालयापर्यंत पोहोचेलच याची खात्री नव्हती. त्यामुळे रुग्णालयाच्या वहीवर विसंबून न राहता नोंदणीचे कर्मचारीच ठराविक काळाने गावोगाव फिरत, जाणत्या मंडळींना भेटत, कोणाला न भरणारी जखम आहे, कोणाच्या अंगावरून अवेळी रक्त जाते, याची चौकशी करत आणि अशा व्यक्तींना तपासणीपर्यंत आणत. गावातल्या माणसाने गावातल्या माणसाबद्दल विश्वासाने सांगितले, तरच ही पद्धत चालणार होती, आणि ती चालली.

पुढे 1999 च्या अखेरीस शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधीचा मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया होत्या. गावांचे 52 समूह करून ते चार गटांत वाटले गेले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या आणि चौथ्या गटात कोणतीच झाली नाही. तपासणीच्या गटांतील दर दहा जणींपैकी जवळपास आठ जणी तपासणीला आल्या. शेतीची कामे, घरातली माणसे आणि अशा तपासणीबद्दलचा संकोच लक्षात घेता हे प्रमाण मला आजही थक्क करते. नुसती जीप फिरवून आणि भोंग्यावर पुकारून एवढ्या स्त्रिया येत नाहीत. घरोघरी जाऊन समजावणाऱ्या आणि सोबत घेऊन येणाऱ्या बायांमुळे त्या आल्या. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी केवळ एकदाच झाली होती, त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले : 64 च्या जागी 34. तपासणीसाठी आज जागतिक आरोग्य संघटना जगभर याच चाचणीला पहिली पसंती देते, आणि त्या शिफारशीच्या मुळाशी असलेल्या पुराव्यात तुमच्या शेजारच्या गावांतल्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक असावी. चौथ्या गटातील 31,488 स्त्रियांना आरोग्याची माहिती मिळाली, तपासणी मिळाली नाही. त्यावर पुढे कडक टीका झाली. तपासणीचा उपयोग इतरत्र सिद्ध झालेला असताना एका गटाला तिच्याविना ठेवणे कितपत योग्य, आणि आपण त्या गटात आहोत याचा अर्थ त्या स्त्रियांना पुरेसा उमगला होता का, असे टीकाकारांचे प्रश्न होते. त्या वेळी भारतात अशी कोणतीही संघटित तपासणी उपलब्ध नव्हती, म्हणजे कोणाचे काही काढून घेतले गेले नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. हा वाद मिटलेला नाही आणि माझ्या मते तो मिटू नये.

तुमच्याकडे आलेला अभ्यास, तुमच्या वर्णनावरून, या प्रकारचा दिसत नाही. येथे कोणाला औषध द्यायचे नाही आणि कोणाला वगळायचेही नाही. कोण काय खाते, तंबाखू-मिश्री वापरते का, चुलीच्या धुरात किती बसते, हे आज लिहून ठेवायचे आणि पुढे कोणाला कोणता आजार झाला हे पाहायचे, अशा निरीक्षणाच्या अभ्यासात शरीराला धोका जवळजवळ नसतो. धोका असतो तो गैरसमजाचा. ‘फुकट तपासणी आहे, चला,’ असे तुम्ही सहज बोलून जाल, बायका तपासणी समजून रक्त देतील आणि पाच वर्षांनी तुम्हाला तोच जुना प्रश्न विचारतील. मागच्या शिबिरातही बहुधा हेच झाले असावे. तेव्हा ‘फुकट’ आणि ‘तपासणी’ हे दोन शब्द जिभेवर येऊ देऊ नका. ‘याचा तुम्हाला आज काही उपयोग नाही, पुढच्या पिढीला होईल,’ असे सांगून पाहा. हे ऐकूनही जी तयार होते, ती वीस वर्षे टिकण्याची शक्यता अधिक.

संस्थेकडून काय विचारून घ्यायचे ते सांगतो. अभ्यासाला नैतिकता समितीची, म्हणजे सहभागी माणसांचे हित पाहणाऱ्या समितीची, मान्यता आहे का आणि त्या मान्यतेचा कागद पाहायला मिळेल का, हे आधी विचारा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती मान्यता बंधनकारक आहे आणि कागद मागण्यात उद्धटपणा नाही. संमतिपत्र मराठीत आहे का आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते साक्षीदारासमोर वाचून दाखवणार का, हे पाहा. रक्ताचे आज काय करणार, किती वर्षे ठेवणार, दुसऱ्या कोणाला देणार का, आणि मोजमापात कोणाचा रक्तदाब किंवा साखर फार वाढलेली आढळली तर तिला कोण सांगणार व कुठे पाठवणार, हेही स्पष्ट करून घ्या. अभ्यासातून मध्येच बाहेर पडायचे असेल तर कोणाला सांगायचे, त्याचे नाव आणि फोन क्रमांक कागदावर असलाच पाहिजे, आणि तो क्रमांक तुमचा असता कामा नये.

आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्या संशोधकांना सुचणार नाही, ती तुम्हीच त्यांना सांगा. तुमच्या भागातली किती घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात? पुन्हा भेटीसाठी डिसेंबरमध्ये आलेला माणूस कुलूप पाहून ‘संपर्क तुटला’ असे लिहून निघून जाईल. वीस वर्षांच्या अभ्यासाला नावे कमी पडली तर एवढे बिघडत नाही, पण घेतलेली नावे हरवली की त्याचे मोल जाते. त्यातही गरीब आणि स्थलांतर करणारी माणसेच नेमकी हरवली, तर उत्तर चुकीचे येते. म्हणून नाव नोंदवतानाच जवळच्या एखाद्या नातेवाइकाचा पत्ता घेण्याची सूचना करा आणि भेटी उन्हाळ्यात ठेवायला सांगा.

आता तुमचे काम कुठपर्यंत, या प्रश्नाकडे येतो. मला तुमच्या पत्रातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘बायका तुमचे ऐकतात’ हे संस्थेने कौतुकाने म्हटले, पण बायका तुमचे का ऐकतात? तुम्ही त्यांच्या सुखदुःखात असता म्हणून. आणि कर्जाचा हप्ता थकला तर सांभाळून घेणेही तुमच्याच हाती असते म्हणून. जिचे दोन हप्ते मागे आहेत, ती तुम्हाला ‘नाही’ म्हणेल का? तिने दिलेला होकार कागदावर चोख दिसेल आणि तरी तो होकार नसेल. त्यामुळे हप्ते गोळा करण्याच्या बैठकीत हा विषय काढू नका, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. माहिती सगळ्यांना एकत्र द्या. होकार-नकार मात्र ज्याचा त्याने संस्थेच्या माणसाला एकट्याने सांगावा आणि त्या वेळी तुम्ही खोलीत नसावे. कोणी नकार दिला याची यादी मागू नका आणि संस्थेने आपणहून दिली तरी घेऊ नका. नवऱ्याने किंवा सासूने ‘आमची हो आहे’ म्हटले म्हणून सुनेची सही धरू नये, हेही संस्थेला तुमच्या तोंडून ऐकू द्या. दर नावामागे पैसे देऊ केले तर ते नाकारा. तुमच्या वेळेचा आणि येण्याजाण्याचा खर्च घेण्यात गैर काही नाही, पण डोकी मोजून पैसे मिळू लागले की ‘नाही’ म्हणणारी शेजारीण आपल्यालाही नुकसान वाटू लागते.

प्रश्न : मी 2012 मध्ये न्यू जर्सीत असताना अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या एका कार्यक्रमात त्यांच्या अभ्यासात नाव नोंदवले, रक्त दिले, कंबर मोजून घेतली. त्यानंतर काही वर्षांच्या अंतराने लांबलचक प्रश्नावल्या येतात आणि मी भरतो. पण माझ्या रक्तात काय आढळले, हे आजवर कोणी कळवलेले नाही. माझ्या सांगण्यावरून आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या आणखी काही जणांनी नावे दिली होती, तेही विचारतात. ही फसवणूक नव्हे का? (एक वाचक, सध्या पुणे)

उत्तर : फसवणूक नव्हे, समजावण्यातली उणीव असू शकेल. तुमचे नाव ज्या अभ्यासात आहे, तो त्या संस्थेचा तिसरा कर्करोग प्रतिबंध अभ्यास. त्यासाठी 2006 ते 2013 या काळात तीन लाखांहून अधिक माणसे नोंदवली गेली. नोंदणीची जागा बहुतेक वेळा ‘रिले फॉर लाइफ’ ही असे. कर्करोगाशी झुंजलेल्यांच्या सन्मानार्थ मैदानाभोवती रात्रभर आळीपाळीने चालत राहण्याचा हा उपक्रम 1985 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे एका शल्यविशारदाने एकट्याने चालून-धावून सुरू केला होता. अभ्यासासाठी 30 ते 65 वयाची आणि कधीही कर्करोग न झालेली माणसे हवी होती. म्हणजे त्या मैदानावर ज्यांच्यासाठी टाळ्या वाजत, त्यांनाच अभ्यासात प्रवेश नव्हता; त्यांनी करायचे ते आपल्या भावंडांना, मित्रांना आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांना नोंदणीच्या तंबूपर्यंत आणण्याचे काम, आणि ते त्यांनी हिरिरीने केले.

तुमचे रक्त त्या दिवशी तपासण्यासाठी घेतलेच नव्हते. ते वेगवेगळ्या घटकांत विभागून अतिशय थंड तापमानात साठवले जाते. काही वर्षांनी सहभागी व्यक्तींपैकी काहींना, समजा, स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तर त्यांचे जुने नमुने आणि त्याच वयाच्या पण आजार न झालेल्या काहींचे जुने नमुने बाहेर काढून शेजारी शेजारी तपासतात. आजार होण्याच्या आधी रक्तात काय वेगळे होते, हे आजारी पडल्यावर घेतलेल्या रक्तातून कळू शकत नाही. तुमची कुपी अद्याप उघडलीही गेली नसेल, आणि कधीच उघडली गेली नाही तरी ती वाया गेली असे होत नाही.

तरीही तुमच्या नाराजीला माझी सहानुभूती आहे. मंडळातल्या मित्रांना तंबूत नेताना ‘अहवाल मिळणार नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून निसटले असावे. कागदावर ते बहुधा असणार, पण उत्सवाच्या गर्दीत कागद कोण वाचतो? त्यांना आता वरची हकिगत सांगा. पुण्याला आल्यानंतरही प्रश्नावली पोहोचते आहे, हे चांगले आहे. ती भरणे चालू ठेवायचे नसेल तर तसे कळवून थांबता येते. गप्प राहून गळून पडण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

प्रश्न : ओळखीच्यांनी ओळखीच्यांना गोळा करायचे, ही शास्त्रीय पद्धत कशी म्हणता येईल? मी गणित शिकवत होतो. नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा, नसेल तर निष्कर्ष पोकळ, असे आम्ही मुलांना सांगत आलो. शिवाय अशा अभ्यासात नाव देणारा माणूस मुळातच तब्येतीला जपणारा असणार. (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : तुमचा आक्षेप नेमका आहे आणि तो जुनाही आहे. अमेरिकेत 1952 मध्ये हॅमंड आणि हॉर्न या दोघा संशोधकांनी धूम्रपानाचा अभ्यास करायचे ठरवले, तेव्हा कॅन्सर सोसायटीच्या सुमारे 22,000 स्वयंसेवकांना, ज्यांत स्त्रियाच अधिक होत्या, आपल्या चांगल्या ओळखीच्या पन्नास ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांकडून प्रश्नावली भरून घ्यायला सांगितले गेले. नऊ राज्यांतून सुमारे 1,88,000 पुरुष जमले. पुढे 1959 मध्ये पहिल्या कर्करोग प्रतिबंध अभ्यासासाठी 68,000 स्वयंसेवकांनी दहा लाख माणसे नोंदवली, आणि 1982 मध्ये दुसऱ्यासाठी 77,000 स्वयंसेवकांनी बारा लाख. नोंदणीपेक्षाही त्यांचे पुढचे काम मला मोलाचे वाटते. दुसऱ्या अभ्यासात 1984, 1986 आणि 1988 साली याच स्वयंसेवकांनी आपापल्या यादीतील प्रत्येकाची चौकशी करून कोण हयात आहे आणि कोण कुठे, कधी वारले, हे कळवले. त्यानंतर मृत्यूंच्या राष्ट्रीय नोंदींशी संगणकाने नावे जुळवता येऊ लागली आणि हे काम थांबले. तोवर मात्र पत्ता बदललेल्या माणसाला शोधण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे त्याची जुनी शेजारीण, हेच होते. ओळखीच्यांकडून नोंदणी करण्याचे खरे शास्त्रीय कारण हे : अनोळखी माणूस वीस वर्षांत हरवतो, ओळखीचा हरवत नाही.

आता यादृच्छिकतेविषयी. ‘अमेरिकेत किती टक्के लोक सिगारेट ओढतात?’ असा प्रश्न असेल, तर या यादीवरून दिलेले उत्तर चुकेल, कारण ही माणसे सरासरीपेक्षा अधिक शिकलेली, बरीचशी विवाहित आणि बहुतांशी गोरी होती. 1952 च्या अभ्यासात तर केवळ गोरे पुरुषच होते. पण ‘ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा लवकर मरतात का?’ हा प्रश्न वेगळा आहे. त्यात तुलना यादीतल्याच माणसांची यादीतल्याच माणसांशी होते. दोघेही शिकलेले, दोघेही तब्येतीला जपणारे, फरक सिगारेटचा. अशा तुलनेतून तंबाखूचे जे परिणाम दिसले, ते इतर पद्धतींनी केलेल्या अभ्यासांतही दिसले, आणि 1964 च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, धूम्रपानविषयक अहवालाने जो पुरावा तपासला, त्यात हे अभ्यास होते.

हा युक्तिवाद जिथे अपुरा पडतो, ती जागाही सांगायला हवी. जी सवय किंवा जी माणसे यादीत नाहीतच, त्यांच्याविषयी तुलना तरी कशाशी करणार? मुंबईत 1991 पासून डॉ. प्रकाश गुप्ता यांनी तंबाखूच्या परिणामांचा समूह-अभ्यास हाती घेतला, तेव्हा ओळखीपाळखीचा मार्ग न धरता मतदारयाद्यांवरून घरोघरी जाऊन 35 वर्षांवरील सुमारे दीड लाख माणसे नोंदवली गेली. त्यात सुरुवातीलाच असे आढळले की, स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या आणि तो जवळजवळ सगळा बिनधुराचा, म्हणजे मिश्रीसारखा होता. एखाद्या सुशिक्षित वसाहतीतल्या स्वयंसेविकेने आपल्या मैत्रिणींची नावे आणली असती, तर मिश्री लावणारी बाई त्या वहीत आलीच नसती. अमेरिकेतही ही उणीव आता मान्य झाली आहे. कॅन्सर सोसायटीने 2024 मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी स्वतंत्र अभ्यास सुरू केला, तेव्हा 25 ते 55 वयाच्या एक लाखांहून अधिक स्त्रियांना त्यात घेण्याचा तिचा मानस होता. त्याही कामाचा भरवसा त्या समाजातल्याच कार्यकर्त्यांवर होता. ओळखीचा मार्ग सोडलेला नाही, कोणाच्या ओळखीचा हे बदलले आहे. मुलांना तुम्ही शिकवलेले गणित चूक नव्हते. एवढेच की टक्केवारी काढणे आणि तुलना करणे ही दोन निराळी उदाहरणे आहेत.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या केंद्रावर एका अभ्यासासाठी घरटी माणसे आणा असे तोंडी सांगितले गेले आहे. हे आमच्या कामात मोडते का? लोक म्हणतात, ‘ताई, मला काही झालेले नाही, मला कशाला?’ त्यांना काय सांगू? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : तोंडी सांगण्यावर जाऊ नका, लेखी पत्र, कामाचे स्वरूप आणि मोबदला यांची मागणी करा. संशोधन ही तुमची नेहमीची सेवा नव्हे, आणि लसीकरणाच्या किंवा गरोदर मातांच्या नोंदवहीतली नावे परस्पर संशोधकांच्या हाती देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. आधी त्या घरातल्या माणसाला विचारा, मग नाव द्या. संशोधनाला ‘नाही’ म्हटल्याने गोळ्या, लस किंवा दवाखान्याची चिठ्ठी यांपैकी काहीही अडणार नाही, हे प्रत्येक दारात आधी सांगा, कारण तुमच्या हातातली वही पाहून लोकांना नेमकी तीच शंका येते.

‘मला काही झालेले नाही’ म्हणणाऱ्या माणसाला सांगा की, म्हणूनच तुम्ही हवे आहात. आजारी पडल्यावर माणूस मागचे सगळे आजाराच्या चष्म्यातून आठवतो. तंबाखू किती खात होतो, ते कमी सांगतो किंवा जास्त सांगतो. धडधाकट असताना लिहून ठेवलेले तसे बदलत नाही. एवढे ऐकूनही तो ‘नको’ म्हणाला, तर पुढच्या घरी जा.